बाबांच्या ट्रायलचे सहा महिने

बाबा कॅन्सरच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, होते, ती मागच्या ऑक्टोबरात संपली. तेव्हाच लिहायचं होतं पण फाईल उघडायचीच इच्छा होत नव्हती, आता उघडलीच आहे तर तारखांसकट लिहून टाकते. आम्ही "ट्रायल" हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा शोधून शोधून जे सापडलं ते एकतर चमत्काराच्या गोष्टी नाहीतर "माणसांवर प्रयोग" असले मथळे. आमच्या वाट्याला दोन्ही आलं नाही. वाट बघणं आलं, आणि फॉर्म. खूप फॉर्म.

आधीचं थोडक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये बाबांचे डोळे पिवळे झाले, आम्हाला वाटलं साधी कावीळ, निघाली स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आणि लिव्हरवर डाग. स्टेज चार, वय ६४. पित्तनळीत स्टेंट टाकला, कावीळ उतरली आणि सप्टेंबरात फॉल्फिरिनॉक्स सुरू झालं. ही बऱ्याच औषधांची एकत्र केमो, दर दोन आठवड्यांनी, शेवटचं औषध छोट्या पंपातून ४६ तास चालू राहतं, तो पंप कमरेला लावून घरी यायचं. थंड वस्तूला हात लागला की बोटांत करंट लागल्यासारखं व्हायचं त्यांना. दहा सायकल काढल्या. मार्च २०२५ च्या सीटीत लिव्हरवरचे डाग वाढलेले दिसले.

१७ मार्चला डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची नेहमीची जोडी. दुसरा, हीच जोडी अधिक एक नवीन कॅप्सूल, पण ट्रायलमध्ये. कॅप्सूलला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखे. बाबांनी विचारलं, "म्हणजे दोनापेक्षा तीन बरी, असंच ना?"

डॉक्टर म्हणाले, "ते माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?"

मला त्यांचा राग आला होता तेव्हा, खोटं कशाला सांगू. पण रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं की ते अगदी मोजून बोलले होते. ह्या आजारात औषधं जोडत जाण्याचा इतिहास असा आहे: १९९७ मध्ये एकट्या जेमसिटाबिनचा निकाल आला, जुन्या औषधावर माणसं सरासरी ४.४१ महिने जगली तर ह्यावर ५.६५. (सरासरी म्हणजे मीडियन, निम्मी माणसं त्याच्या अलीकडे निम्मी पलीकडे, हे मला दादाने समजावलं.) २०११ मध्ये ३४२ लोकांवरच्या ट्रायलमधून फॉल्फिरिनॉक्स आलं, ११.१ महिने विरुद्ध एकट्या जेमसिटाबिनचे ६.८. २०१३ मध्ये ८६१ लोकांवर जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, ८.५ विरुद्ध ६.७. आणि जोडून उलटं झालेलं पण आहे. गाठीभोवतीचं घट्ट अस्तर सैल करणारं पेगपीएच-२० नावाचं औषध होतं, वाचताना वाटतं किती बरोबर विचार आहे, अस्तर सैल झालं की केमो आत पोचेल. ते फॉल्फिरिनॉक्सला जोडलं तर माणसं जास्त नाही, कमी जगली. ७.७ महिने विरुद्ध १४.४. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बाबांना काही सांगितलं नाही.

सकाळी बाबांनीच विचारलं काय वाचलंस. मग सांगितलं. ते आयुष्यभर हिशोबाच्या कामात होते, आकड्यांना घाबरत नाहीत. म्हणाले, "म्हणजे बेरीज वजाबाकी दोन्ही शक्य आहे. बरं झालं सांगितलंस."

दुसरी गोष्ट जी आम्हाला नीट कळायला दोन भेटी लागल्या ती म्हणजे ट्रायल कुठल्या टप्प्याची आहे. आमची फेज वन-बी होती. ह्या टप्प्याला "गाठ कमी होते का" हा मुख्य प्रश्न नसतोच, ह्या केमोसोबत ही कॅप्सूल माणसाला किती झेपते हा असतो. तीन जणांच्या गटाला एक डोस देतात, पहिले २८ दिवस बघतात, ठरवलेल्यापैकी कुठलाही मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. बाबांना दुसऱ्या गटात जागा होती. दादाचं म्हणणं थांबूया, वरचा डोस येऊ दे, मग जाऊ. मी म्हटलं कुठे थांबायचं, आजार थांबणारे का. दोन दिवस भांडलो ह्यावर. शेवटी डॉक्टर म्हणाले वरचा डोस जास्त गुणकारी असेल असं आज कोणीच सांगू शकत नाही, जास्त त्रासाचा मात्र असू शकतो. तिथे विषय संपला.

नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न, "खोटी गोळी दिली तर?" आमच्या ट्रायलमध्ये चिठ्ठ्या टाकणं नव्हतंच, सगळ्यांना खरी कॅप्सूल. मोठ्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये कॉम्प्युटर गट ठरवतो, पण तिथेही दुसऱ्या गटाला सहसा नेहमीची केमो मिळते, नुसती खोटी गोळी देऊन बसवून ठेवत नाहीत. तरी आपापल्या ट्रायलचं विचारून घ्या.

संमतीपत्र ३१ पानांचं. कोऑर्डिनेटर ताईंनी पहिल्या दिवशी सही घेतलीच नाही, म्हणाल्या घरी न्या, पेन्सिलने खुणा करून आणा. आम्ही चौदा प्रश्न काढले. त्यातला कामाचा एक सांगते: कुठला खर्च कोणाचा, हे ओळीओळीने विचारा आणि उत्तर लिहून घ्या. आमच्याकडे नवीन कॅप्सूल, ट्रायलसाठीच्या जादा रक्ततपासण्या, ईसीजी, बायोप्सी हे कंपनीकडे. नेहमीची केमो आमची, कारण ती ट्रायल नसती तरी लागलीच असती. येण्याजाण्याचे पैसे परत मिळणार, पण मूळ बिलं लागणार. मी पहिल्या तीन खेपांची बिलं टाकून दिली होती, ती गेली. बायोप्सीचंही विचारा, काही सक्तीच्या असतात, काही ऐच्छिक, ऐच्छिकला वेगळी चौकट असते आणि तिथे "नाही" वर खूण केली तरी ट्रायलमधून काढत नाहीत. बाबांनी ऐच्छिकला "हो" केलं, मला न विचारता.

२४ मार्चला सही झाली. मला वाटलं झालं. छे, तिथून स्क्रीनिंग, म्हणजे आत घेता येईल का ह्याच्या तपासण्या, सुरू, आणि माझ्या मते सगळ्यात जीव खाणारा भाग हाच, कारण अजून तुम्ही आत नसता. आजार वाढतोय, केमो बंद आहे आणि तुम्ही कागद गोळा करताय.

२६ मार्चला सीटी. ह्या सीटीला एक्सपायरी असते! पहिल्या डोसच्या आधीच्या २८ दिवसांतलीच चालते, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत औषध सुरू झालं नाही तर पुन्हा सीटी. मग पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, हवा होता. ती बायोप्सी दुसरीकडे झालेली, तिथे अर्ज, पेशंटची सही, ओळखपत्राची प्रत, आणि "साहेब आले की देतो". नऊ दिवस. ३ एप्रिलला ब्लॉक हातात आला आणि ४ ला कळलं की त्यात पुरेसा टिश्यूच उरलेला नाही. त्यामुळे ७ ला लिव्हरची नवीन बायोप्सी. आत्ता कुठलीच ट्रायल डोक्यात नसेल तरी ब्लॉक कुठे आहे आणि त्यात किती शिल्लक आहे हे आजच विचारून ठेवा, नंतर आठवडे जातात. जनुकांचा रिपोर्टही काढून ठेवा. बाबांच्या गाठीत केरॅस नावाच्या जनुकातला जी१२डी हा बदल निघाला, ह्या कॅन्सरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत केरॅसचा काही ना काही बदल असतो, आणि आता त्यावर थेट काम करणाऱ्या औषधांच्या पण ट्रायल चालू आहेत, तिथे पहिला प्रश्न हाच येतो.

८ एप्रिलला बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) २.१ आलं. मर्यादा नॉर्मलच्या दीडपट, म्हणजे त्या लॅबच्या हिशोबाने १.८. शून्य पॉइंट तीनने अडकलो. स्टेंट तुंबला होता. ९ ला बदलला (हा खर्च आमचा, तो ट्रायलचा नाही). मग रोज बाबांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे बघणं सुरू, खिडकीशी उभं करून, उजेडात, आई एका बाजूने मी एका बाजूने. बाबा म्हणायचे रंगाचा शेडकार्ड आणा एकदाचं. १४ एप्रिलला १.३ आलं. १६ ला फोन आला की जागा पक्की.

१७ एप्रिल, पहिला दिवस. सकाळी साडेसातला पोचलो, रात्री आठला निघालो. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते, पहिला दिवस दिवसभराचा असतो. रक्तात औषध किती वेळात किती चढतं ते मोजायला कॅप्सूल घ्यायच्या आधी एकदा, मग अर्ध्या तासाने, एक, दोन, चार, सहा, आठ तासांनी रक्त, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. ईसीजी प्रत्येक वेळी तीनदा, मध्ये थोडं थांबून. नर्स भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सिरिंज धरून उभी राहायची, आणि कागदावर ठरलेल्या वेळेशेजारी खरी वेळ मिनिटासकट लिहायची. चार तासांचं रक्त तीन मिनिटं उशिरा निघालं तर तेही लिहिलं. बाबांना हे फार आवडलं. पोर्ट (केमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी) असूनही हातात वेगळी सुई लावली होती, कारण केमो पोर्टमधून जाणार. पूर्ण बाह्या वर जातील असा सैल शर्ट घाला, चार्जर न्या.

घरी येताना कॅप्सूलची बाटली आणि एक डायरी मिळाली. तारीख, वेळ, किती कॅप्सूल, शेवटचं कधी खाल्लं, उलटी झाली का, सही. नियम असा की खाण्याच्या एक तास आधी नाहीतर दोन तास नंतर, आणि उलटी झाली तर तो डोस परत घ्यायचा नाही, फक्त लिहायचं. गंमत म्हणजे अन्न पचायला लागणाऱ्या स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल नेमक्या खाताना घ्यायच्या असतात, म्हणजे एक खाताना आणि दुसरी न खाताना, पहिला आठवडा नुसता गोंधळ. मी फ्रीजवर वेळापत्रक लावलं, बाबांनी ते काढून स्वतःचं लावलं.

केमो २८ दिवसांच्या सायकलमध्ये पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. १ मे ला, म्हणजे पंधराव्या दिवशी, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६०० वर आले, त्यामुळे केमो रद्द. घाबरलो, पण हा त्यांच्या व्याख्येतला "मोठा त्रास" नव्हता, केमोमध्ये होतंच. दुसऱ्या सायकलमध्ये, २७ मे ला रात्री अकराला थंडी वाजून ताप, १०१.५. आमच्याकडे ट्रायलचं कार्ड होतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर, तो लावला, लगेच या म्हणाले. हे कार्ड पाकिटातच ठेवा, कारण इमर्जन्सीतल्या ड्युटी डॉक्टरला कॅप्सूलबद्दल काहीही माहीत नसतं, त्याने कार्ड दोनदा वाचलं. दोन रात्री अ‍ॅडमिट, अँटिबायोटिक, बरे झाले. पण नंतर कागदावर "गंभीर घटना" असं लिहिलेलं बघून आई रडायला लागली. त्याचा अर्थ वेगळा असतो. अ‍ॅडमिट व्हावं लागलं की ती घटना आपोआप त्या यादीत जाते आणि कळल्यापासून चोवीस तासांत कंपनीला कळवावी लागते. माणसाची तब्येत किती वाईट आहे ते त्या शब्दात नसतं. हे ताईंनी आईला शांतपणे समजावून सांगितलं, स्वतःची जेवणाची सुट्टी घालवून.

मध्येच जूनमध्ये संमतीपत्राची नवी आवृत्ती आली, दुसऱ्या कोणाला तरी एक नवा त्रास दिसला होता तो त्यात जोडलेला. परत सगळं वाचणं, परत सह्या. म्हणजे कुठेतरी आणखी कोणीतरी बाबांसारखंच डायरी भरतंय, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

स्कॅन दर आठ आठवड्यांनी. केमो पुढे ढकलली तरी स्कॅन कॅलेंडरप्रमाणेच. सुरुवातीला त्यांनी मोजायच्या गाठी ठरवल्या होत्या, स्वादुपिंडातली ३८ मिलिमीटर, लिव्हरवरच्या २६ आणि २०, बेरीज ८४. ११ जूनच्या सीटीत बेरीज ७७. ८ टक्के कमी. ह्याला ते "स्टेबल" म्हणतात, कमी झाली असं म्हणायला निदान ३० टक्के लागतात. ६ ऑगस्टला ६६. २१ टक्के कमी, तरी स्टेबलच! मला वाटलं हे काय कंजूषपणा. सीए १९-९ (ह्या कॅन्सरचा रक्तातला आकडा) पण २१४० वरून ६४० वर आलेलं. त्या दिवशी घरी येताना आम्ही तिघं गाडीत मोठमोठ्याने बोलत होतो, कशाबद्दल ते आठवत नाही.

ह्याच भेटीत ताईंनी रिकामी बाटली म्हणून घेतली ती रिकामी नव्हती. प्रत्येक भेटीला त्या उरलेल्या कॅप्सूल ट्रेमध्ये ओतून दोन-दोन करून मोजतात आणि डायरीशी ताळा करतात. एक जास्त निघाली. पुन्हा मोजली. मी म्हटलं तुमचीच चूक असेल, बाबांचा हिशोब चुकत नाही. बाबा खाली बघत होते. मग म्हणाले, "एकोणीस तारखेला फार मळमळत होतं, नाही घेतली. पण रकाना रिकामा ठेववेना."

ताई म्हणाल्या, "काका, नाही घेतली तर नाही लिहा. आम्हाला तेच हवंय, ह्यावरून पुढच्यांचा डोस ठरतो." मग त्या चुकीच्या खुणेवर एक रेघ, शेजारी बाबांची सही, आजची तारीख. व्हाइटनर चालत नाही, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. वरती एक वेगळा फॉर्म भरावा लागला नियम मोडल्याचा. बाबा दोन दिवस गप्प होते. त्यानंतरच्या पानांवर तीन ठिकाणी ठळक "नाही" आहे.

सप्टेंबरात बोटं बधिर व्हायला लागली, नॅब-पॅक्लिटॅक्सेलमुळे, शर्टाची बटणं आई लावायला लागली. डोस कमी केला. डायरी मात्र कोणाला भरू देईनात. एप्रिलमधलं अक्षर आणि सप्टेंबरमधलं अक्षर शेजारी ठेवलं तर दोन माणसांची वाटतात, आधीचं छापल्यासारखं, नंतरचं ओळ सोडून वर चढणारं.

१ ऑक्टोबरच्या सीटीत बेरीज ७१ होती. वाढ मोजतात ती सुरुवातीच्या ८४ वरून नाही, मधल्या सगळ्यात कमी आकड्यावरून, म्हणजे ६६ वरून, आणि २० टक्के वाढली तर आजार पुढे गेला असं धरतात. ७१ त्यात बसत नव्हतं. मी गाडीत बसून फोनवर भागाकार केला, साडेसात टक्के, आणि खूश झाले. मग रिपोर्टचं दुसरं पान वाचलं. लिव्हरवर नवीन डाग. नवीन डाग आला की टक्केवारी बघतच नाहीत. औषध त्याच दिवशी बंद.

६ ऑक्टोबरला शेवटची भेट, रक्त, ईसीजी, वजन, उरलेल्या १८ कॅप्सूल परत, ताळा बरोबर आला. मूळ डायरी त्यांच्याकडे राहते. हे मला माहीत नव्हतं, मी झेरॉक्स मागून घेतली, तुम्ही दर महिन्याला फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना विचारलं, मधले सहा महिने कॅप्सूलमुळे मिळाले की नुसत्या केमोने मिळाले असते? ते म्हणाले एका माणसावरून कधीच सांगता येत नाही. उत्तर आवडलं नाही पण ह्या वेळी राग नाही आला.

महिन्याभराने, ५ नोव्हेंबरला, राहिलेला काही त्रास आहे का ते बघायला एक भेट झाली. पुढची केमो बाबांनीच नको म्हटली. दुखण्यासाठी पोटामागच्या नसांचा ब्लॉक, म्हणजे तिथली दुखण्याची जाणीव थांबवणारं इंजेक्शन, दिला, त्याने खरंच फरक पडलाय, हे आधीच विचारायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टर दर पंधरा दिवसांनी भेटतात. ट्रायल चालू असतानाही त्यांना भेटता येतं, कोणी अडवत नाही.

आता ट्रायलकडून दर बारा आठवड्यांनी फक्त फोन येतो. पेशंट कसे आहेत आणि दुसरी काही ट्रीटमेंट सुरू केलीय का, एवढंच. पहिला २९ डिसेंबरला आला. मी बोलत होते तर बाबांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि विचारलं, "पुढच्या तिघांचं काय झालं? वरचा डोस झेपला का त्यांना?"

ताई म्हणाल्या, "काका, ते नाही सांगता येत मला."

"बरं. मग माझं लिहून घ्या."

पुढचा फोन २३ मार्चला आहे. कॅलेंडरवर त्यांनीच लिहून ठेवलाय, आकडा चौकटीबाहेर गेलाय थोडा.